साडेतीन लाखांची सावली

गुरुवारी सकाळी अकरा वाजता वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या एका मंगल कार्यालयात दोनशे माणसं पांढरे कपडे घालून बसली होती आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. पांढरे कपडे हा तिथला नियम. मोबाईल दाराशी टोपलीत टाकायचा, हाही नियम. खिडक्यांना काळे पडदे, समोर काळा पडदा, त्यापुढे एक खुर्ची, तिच्या दोन्ही अंगांना एलईडी दिव्यांच्या पाट्या आणि तिपाईवर कॅमेरा. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं. आपलं मरण कुठवर येऊन ठेपलंय ते पाहायला माणसं आली होती.

खुर्चीत एक निवृत्त हेडमास्तर जाऊन बसले. कॅमेऱ्यामागच्या माणसाने नुसतं बोट टेकवलं. थोड्या वेळाने बाजूच्या मोठ्या टीव्हीवर हेडमास्तर उमटले आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरे बापा" निघालं. मास्तरांच्या अंगावर तीन आडवे काळे पट्टे होते. एक कपाळावर, एक छातीवर, एक पोटावर. मास्तरांनी आपल्या सदऱ्याकडे पाहिलं. सदरा पांढराशुभ्र होता.

"ही छाया," शिबिर भरवणारे छायानाथ महाराज म्हणाले. डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तसा थंड आवाज. "डॉक्टर रोग झाल्यावर सांगतात. आम्ही रोग उंबऱ्यावर येऊन बसला की सांगतो. हा चमत्कार नव्हे, विज्ञान आहे. जपानचं भिंग आणि हिमालयाची साधना."

जपान आणि हिमालय एका वाक्यात आले की आपल्याकडचा पदवीधर जागच्या जागी विरघळतो. तिथे शिक्षक होते, कारकून होते, एक इंजिनिअरही होता. सगळे माना डोलवत होते.

मी पौर्णिमा. वर्ध्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, साक्षगंध-साखरपुडे, शाळांची ओळखपत्रं, पडेल ते काम करते. माझा डीएसएलआर तेरा वर्षांचा आहे. नवा होता तेव्हाही कंपनीच्या यादीत सगळ्यात स्वस्त तोच होता. आता त्याचं रबर सुटलंय, पण फोटो काढतो. मी तिथे गेले ते धाकट्या बहिणीसाठी. नलू हायस्कुलात क्लार्क आहे. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या शेजारी तिची मुलगी मयुरी.

मयुरीला तेराव्या वर्षापासून मिरगीचे झटके येत. गोळ्या सुरू केल्यावर कमी झाले आणि गेली चार वर्षं एकही नाही. पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, गाडी चालवते, हसते-खेळते. पण आता तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं आणि नलूच्या जिवाला एकच घोर लागला होता. पोरीच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी राहते. मुलाकडच्यांनी पाहिली तर? आजारपण नलूने सख्ख्या दिराजावांपासूनही लपवलं होतं. तिला मयुरीच्या गोळ्या बंद करायच्या होत्या, तेही पाहुणे येण्याआधी.

मागून कोणीतरी धीर करून विचारलं, की आमच्या घरच्या फोटोत अशी छाया का दिसत नाही? महाराज हसले. त्या प्रश्नाची वाटच पाहत असल्यासारखे हसले. इथे कोणी फोटोग्राफर आहे का, असं त्यांनी विचारलं. कॅमेऱ्यामागचा अनुप मला ओळखत होता. पूर्वी लग्नांत आमची गाठ पडायची. त्याने माझ्याकडे बोट केलं. मी शाळेचं काम करून तशीच आले होते, कॅमेरा पिशवीतच होता. महाराजांनी मला पुढे बोलावलं. तीच खुर्ची, तेच हेडमास्तर, तेच दिवे. मी फोटो काढला. खटॅक. कार्ड टीव्हीला लावलं. मास्तर स्वच्छ, एकही पट्टा नाही.

मी कार्ड काढून पुन्हा लावलं. चित्र तेच.

महाराजांनी माझा जुना कॅमेरा दोन्ही हातांवर घेतला. "ताई खोटं बोलत नाहीत. हा कॅमेराही खोटं बोलत नाही. तो बिचारा आंधळा आहे. याच्या पोटात आरसा आहे, आणि आरशात माणूस वरवरचाच दिसतो. आमच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. किंमत साडेतीन लाख. डोळा जितका महाग, तितकं खोल दिसतं."

लोकांनी हात जोडले. हा बाबा इतके दिवस ज्या साक्षीदाराच्या शोधात होता, ती मी निघाले. मी तिथे हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, कॅमेरा घेऊन जागेवर येऊन बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढचं नाव मयुरीचं होतं. टीव्हीवर तिचा चेहरा आला, तेव्हा नेमका भुवयांवरून जाड काळा पट्टा गेला होता. छाया मेंदूवर बसली आहे, महाराजांनी सांगितलं. गोळी म्हणजे छायेचं अन्न. पहिल्या गुरुवारी दोन गोळ्यांची एक करायची. तिसऱ्या गुरुवारी फोटो साफ आला, की उरलेली तांब्याच्या हंड्यात टाकायची आणि मोकळं व्हायचं.

रिक्षात मी नलूला म्हटलं, डॉक्टरांनी किती वेळा बजावलंय, गोळ्या मनाने थांबवू नका म्हणून.

"ताई, तूच त काढला न फोटो," ती म्हणाली. "तुह्या कॅमेऱ्यात दिसलं नाई, त्याहिच्या कॅमेऱ्यात दिसलं. मी काय डोयानं पाह्यलेलं खोटं मानू?"

पट्टे मीही पाहिले होते.

त्या आठवड्यात मयुरीच्या हातून सकाळी दोनदा चहाचा कप पडला. हात आपोआपच झटकला जातो, असं ती मला फोनवर सांगत होती. नलूच्या लेखी ती छाया जायची खूण होती. मयुरी कॉलेजला गाडीनेच जात होती. मी सांगितलं, बाई, गाडी चालवू नको. ती म्हणाली, मावशी, रिक्षाने गेले तर आईचा जीव खालीवर होतो. तिला वाटतं, माझा विश्वासच नाही.

दुसऱ्या गुरुवारी मी पुन्हा गेले. या वेळी टीव्हीकडे पाहायचंच नाही असं ठरवून गेले, कारण ज्याला फसवायचंय तो आपल्याला पाहायला लावतो. मी मान खाली घालून बसले आणि मग माझ्या कानांनी काम केलं. मयुरीचा फोटो निघाला, आवाज नाही. पट्टा आला, जरा फिकट, असं महाराजांनी सांगितलं. एका बाईचा निघाला, आवाज नाही, पट्टे काळेकुट्ट. मग पुलगावचा एक बरा झालेला माणूस बसला. टक्. फोटो साफ. पुन्हा एक नवा माणूस, आवाज नाही, पट्टे. त्या दिवशी मी एकवीस जणांचे फोटो ऐकले. जिथे टक् झालं तिथे छाया नाही, जिथे आवाज नाही तिथे छाया. शेवटी मान वर करून अनुपचं बोट पाहिलं, तेव्हा आणखी एक कळलं. अनुप पट्टा येणाऱ्या प्रत्येकाचे सात-आठ फोटो काढायचा आणि टीव्हीवर त्यातला एकच, हव्या त्या जागी पट्टा आलेला, टाकायचा.

वर्ध्यात रत्नदीप नावाचा माझा धंदाबंधू आहे. मोठी लग्नं करतो. तसाच बिनआरशाचा, महागडा कॅमेरा त्याच्याकडे आहे. त्याला पट्ट्यांचं सांगितलं तर तो कपाळाला हात लावून हसायला लागला. गेल्या वर्षी एका स्वागतसमारंभात त्याने आवाज नको म्हणून कॅमेरा सायलेंटवर टाकला होता. हॉलवाल्याने स्वस्तातले एलईडी लावलेले. अर्ध्या अल्बमला पट्टे, आणि नवरीच्या बापाच्या शिव्या वेगळ्याच.

स्टुडिओच्या मागे तसलीच एक एलईडी पाटी होती. रत्नदीपने स्टुलावर एक कोहळं ठेवलं, मागे काळं कापड धरलं आणि बिनआवाजाचा फोटो काढला. कोहळ्यावर तीन काळे पट्टे. मग सायलेंट बंद केलं, शटरचा वेग कमी केला. टक्. कोहळं बरं झालं.

गंमत समजून घ्या, अवघड नाही. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात आरसा वर उचलला जातो, शटरचा पडदा उघडतो आणि सावकाश वेगावर पूर्ण चित्र एकदमच आत येतं, म्हणून तो खटॅक वाजतो. नव्या कॅमेऱ्यात आरसा नाही आणि सायलेंटवर पडदाही हलत नाही. तो चित्र वरून खाली ओळ-ओळ करून वाचतो. स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. तुम्ही पेपर वाचताय आणि कोणी बटण चालू-बंद करतंय असं समजा. ज्या ओळी अंधारात आल्या त्या गेल्या. कॅमेऱ्यात त्याच ओळी काळ्या येतात. मागे काळा पडदा असला की पट्टे तिथे दिसत नाहीत, पांढऱ्या कपड्यांवर तेवढे दिसतात. मोबाईल कशाला काढून घेत होते, तेही समजलं. दोनशे जण फोटो काढायला लागले तर दिव्याचं बिंग फुटेल.

मी लगेच नलूकडे गेले. तिने कोहळ्याचे फोटो पाहिले आणि मोबाईल परत दिला. मोबाईलवर आजकाल काहीही करता येतं, म्हणाली. मुलाकडचे रविवारी येणार होते.

तिसऱ्या गुरुवारी मयुरी खुर्चीत बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. रात्रभर झोप नव्हती तिला. टक्. फोटो साफ. टाळ्या पडल्या. नलू गोळ्यांची पट्टी घेऊन हंड्याकडे गेली. महाराजांना माझी आठवण झालीच. आंधळा कॅमेरा आणलात का ताई, असं त्यांनी प्रेमाने विचारलं.

मी म्हटलं, आज डोळस आणलाय. पिशवीतून रत्नदीपचा कॅमेरा काढला आणि महाराजांचाच फोटो घेतला. आवाज झाला नाही. कार्ड कुठे लावायचं ते मला माहीत होतं. टीव्हीवर महाराजांच्या कपाळावरून, नाकावरून आणि पांढऱ्या दाढीवरून काळे पट्टे गेले होते.

क्षणभर महाराजांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "पाहा," ते लोकांना म्हणाले, "तुमच्या छाया मी स्वतःवर घेतल्या."

आणि लोकांनी हात जोडले! पुरावा डोळ्यासमोर होता आणि माणसं त्याच्याच पाया पडत होती.

मी रिकाम्या खुर्चीवर हेडमास्तरांचा पांढरा गमछा टाकला आणि फोटो काढला. गमछ्यावर पट्टे. हेडमास्तर उठून उभे राहिले. मग मी खिडकीचा काळा पडदा बाजूला ओढला, दिव्यांची पिन उपटली आणि उन्हात त्याच गमछ्याचा, तसाच बिनआवाजाचा फोटो घेतला. एकही पट्टा नाही. छाया माणसात नाही, या दिव्यात आणि या बटणात आहे, मी सांगितलं. ऐकायचंय त्यांनी ऐका, अनुप बटण दाबेल तेव्हा आवाज होतो का ते फक्त ऐका. अनुप माझ्याकडे पाहतच नव्हता. मागे कुजबुज सुरू झाली. कोणी हसलं, कोणी मला बाहेर काढा म्हणालं.

नलू हंड्याशी तशीच उभी होती. "पण ताई, फोटो त साफ आला न तिचा," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात मयुरी पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीतून खाली पडली.

तिचं अंग ताठ झालं, मग हातपाय झटकायला लागले. वर टीव्हीवर मघाचाच गमछा होता. "कोणी हात लावू नका, छाया बाहेर पडते आहे," महाराज ओरडले आणि आश्चर्य म्हणजे लोक मागे सरले. कोणी चप्पल हुंगवा म्हणालं. मी धावले. डोक्याखाली ओढणी घातली, आजूबाजूचं सामान सरकवलं, तिला कुशीवर वळवलं. तोंडात काही घालू दिलं नाही. घड्याळ पाहत होते. एक मिनिट गेलं. दीड. महाराज पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या तोंडाशी वाकले.

नलूने त्यांचा हात धरला आणि बाजूला सारला. "दूर व्हा," ती म्हणाली. "माही पोरगी आहे."

दोन मिनिटं झाली आणि झटके थांबले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दोन मिनिटं. हेडमास्तरांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर नलूवर रागावले नाहीत, त्यामुळे तिला जास्तच रडू आलं. हाच झटका गाडीवर आला असता तर, एवढं एकच वाक्य ते बोलले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मी आणि हेडमास्तरांनी पोलिसांत तक्रार दिली. सिंदी मेघेचं शिबिर उठलं.

नलूने मुलाकडच्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी नकार कळवला.

महिन्याभराने जवळच्या हिंगणीत नव्या शिबिराचा फलक लागला. महाराजांचं नाव बदललं होतं, पांढऱ्या कपड्यांचा नियम तोच. नलूने शाळेतून रजा काढली आणि मयुरीला घेऊन ती गेली. मीही गेले. दारात रांग होती, म्हातारे होते, कडेवर लेकरं होती. दिराजावांपासून जे तिने आठ वर्षं लपवलं, ते नलू त्या रांगेसमोर उभी राहून मोठ्याने बोलली.

"माह्या पोरीले मिरगी आहे. गोळी घेते त बरी राहते. याच्या फोटोले भुलून मी गोळी बंद केली, अन् पोरगी मरता मरता वाचली. तुमाले आत जायचं त जा. पण त्याले म्हणा, दिवे बंद कर अन् उन्हात फोटो काढ. कॅमेरा कितीबी महाग असो, विचार तुमालेच करा लागते. अन् डॉक्टरची गोळी कोणाच्या सांगण्यानं सोडू नका."

मयुरी तिच्याजवळ उभी होती. रांगेतली एक बाई मुलाचा हात धरून बाहेर आली आणि कोणत्या डॉक्टरांकडे जाता, असं नलूला विचारू लागली. बाकीची रांग एक पाऊल पुढे सरकली. नलू तिला पत्ता लिहून देऊन पुन्हा रांगेकडे वळली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.