मी, कुडव्याचा मुका टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना रंगीत टीव्ही आहे. पुढून फुगीर काच, मागे मोठी पाठ आणि अंगावर काळा रंग, असा माझा अवतार आहे. आता मी कुडव्याच्या चौकात, लखनभाऊंच्या रिपेअरिंगच्या दुकानात, वरच्या फळीवर धूळ खात असतो. माझी गोष्ट छाती फुगवून सांगावी अशी नाही. ती सांगताना मला आजही लाज वाटते. तरीही सांगतो, कारण ती माझ्यापेक्षा मोनालीची जास्त आहे.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कोणी माझ्यात तारा भरल्या, कोणी काच बसवली आणि शेवटी एका बाईने माझा आवाज तपासून माझ्या अंगावर चिठ्ठी चिकटवली. १९९९ साली ताराचंद मला गोंदियाहून कुडव्याला घेऊन आले. ते भाताच्या मिलमध्ये मशीनवर काम करत. घरी त्यांची बायको सत्यभामा होती आणि नुकतीच रांगायला लागलेली त्यांची मुलगी मोनाली होती. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्याच भिंतीखालच्या टेबलावर मला जागा मिळाली.

ते माझे सुखाचे दिवस होते. त्या वर्षी क्रिकेटचा विश्वचषक होता. अर्धी गल्ली आमच्या खोलीत जमे. अशोक विजयादशमीला नागपूरचा कार्यक्रम दाखवत, तेव्हा बायाबापड्या सतरंजीवर हात जोडून बसत. शेजारच्या अनुसयाबाई म्हणत, "काही म्हण सत्यभामा, तुमच्या टीव्हीचा गळा लय गोड आहे." मी मनातून फुलून जात असे. टीव्हीला स्वतःचा आवाज कधी ऐकू येत नाही, मित्रांनो. समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून तो ओळखावा लागतो. तेव्हाचे चेहरे पाहून मला वाटे, आपण फार सुरेख बोलत असलो पाहिजे.

अशीच काही वर्षे गेली. मोनाली चौथीत गेली. ती शांत मुलगी होती. इतर मुली अंगणात लंगडी खेळत, तेव्हा ही दारात बसून नुसती बघत असे. "शाळेत हिचं लक्ष नसते" अशी तक्रार यायची. थंडीत तिचे कान वाहत. मग सत्यभामा लसूण टाकून तेल कोमट करत आणि प्रेमाने कानात सोडत. सगळ्या आया तेच करत होत्या.

एके दिवशी नागपूरहून तिचे मामा, बुद्धभूषण, आले. त्यांनी पिशवीतून एक व्हिडिओ गेम काढला. त्याच्या वायरीला दोन पिना होत्या. पिवळी चित्रासाठी आणि पांढरी आवाजासाठी. माझ्या पोटाखाली त्याच रंगांची दोन भोके होती. इतकी वर्षे त्यांत कोणी काहीच लावले नव्हते. मामांनी पिना खोचल्या, रिमोटने गेमचा चॅनल लावला आणि माझ्या काचेवर एक छोटासा रंगीत माणूस उड्या मारू लागला. मोनालीने टाळ्या पिटल्या.

सत्यभामा म्हणाल्या, "चित्र तं दिसून राहिलं, मंग आवाज काऊन नाही येऊन राहिला?"

मामांनी माझा आवाज वाढवला. काही नाही. पिना काढून फुंकर मारली, पुन्हा लावल्या. काही नाही. केबल लावून पाहिली, तर माझा आवाज खणखणीत. गेम लावला की मी पुन्हा गप्प. मामांनी पांढरी पिन पिवळ्या भोकात घातली, पिवळी पांढऱ्यात घातली, तर चित्रही गेले. तोवर गेम बघायला शेजारपाजारचे जमले होते.

"का वं सत्यभामा," अनुसयाबाई हसल्या, "तुमचा टीव्ही मुका झाला का?"

सगळे हसले. ज्या खोलीत माझ्या गळ्याचे कौतुक झाले, त्याच खोलीत मी मुका ठरलो. काच फुटून जावी असे मला वाटले.

शेवटी मामांनी पांढरी पिन थोडी तिरपी दाबली आणि आवाज आला. बोट काढले की गेला. माझे पांढरे भोक आतून ढिले झाले होते. मामांनी पिनेखाली आगकाडीचा तुकडा अडकवला आणि म्हणाले, "सध्या चालवून घे बेटा." मोनाली माझ्या अगदी जवळ, मांडी घालून बसली आणि खेळू लागली.

त्या दिवसापासून माझ्यावर शिक्का बसला. मोनाली खेळताखेळता ओरडे, "आई, आवाज गेला!" सत्यभामा हातातले काम टाकून येत, आगकाडी हलवत, माझ्या अंगावर चापट मारत. कधी मी खरोखरच गप्प झालेला असे. पण पुष्कळदा त्या दारातूनच म्हणत, "आला की आता!" आणि परत जात. आवाज आपोआप परत आला, असे त्यांना वाटे. मलाही तसेच वाटे. मोनालीच्या कोऱ्या चेहऱ्याकडे पाहून मी समजे, आपणच पुन्हा घसरलो. माझ्याआड दुसरे काही लपलेले असेल, असे कोणाच्याही मनात आले नाही.

संध्याकाळी केबल लागे तेव्हा ती तक्रार करत नसे. त्याचेही कारण होते. मिलच्या घरघराटात दिवसभर राहून ताराचंदना मोठ्याने बोलायची आणि मोठ्याने ऐकायची सवय होती. ते घरी असले की मी गल्लीभर ऐकू जाई. दुपारी मात्र सत्यभामा आवाज बारीक करून ठेवत. गेमच्या टिकटिकीने त्यांचे डोके दुखे.

हिवाळा गेला तशी मोनालीची तक्रार वाढली. शेवटी एका रविवारी ताराचंदनी मला गेमसकट सायकल रिक्षात ठेवले आणि मांडीवर धरून लखनभाऊंच्या दुकानात आणले. वाटेत लोक विचारत आणि ताराचंद सांगत, "आवाज गेला याचा." मी पोत्याखाली तोंड लपवून होतो.

लखनभाऊंनी माझी पाठ उघडली. "सॉकेट ढिला होता भाऊ. नवा टाकला. अब कोई टेन्शन नहीं." त्यांनी गेम लावून दाखवला. ताराचंद खूश झाले. मीही झालो. वाटले, संपली आपली बदनामी.

दुसऱ्याच दुपारी मोनाली म्हणाली, "आवाज नाही येऊन राहिला."

पुढच्या रविवारी पुन्हा तीच रिक्षा आणि तेच पोते. या वेळी ताराचंदचा चेहरा तापलेला होता. दुकानात गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्या देखत ते लखनभाऊंवर ओरडले, "जुनाच माल लावला ना तुम्ही? फसवता कायले लोकाइले?"

लखनभाऊंनी हातातले काम बाजूला सारले. त्यांनी मला फळीवर ठेवले, गेम जोडला, पांढरी पिन लावली. मग ती वर, खाली, आडवी हलवून पाहिली. सगळ्या गिऱ्हाइकांनी माझ्याकडे माना वळवल्या. माझा आवाज दुकानाबाहेर जात होता.

"सुनो भाऊ, तुम्हीच सुनो," लखनभाऊ म्हणाले. "सेट में कुछ नहीं है."

कोणीतरी फिसकन हसले. ताराचंद मान खाली घालून मला घेऊन निघाले. मी बरा होतो, पण त्या रिक्षात मला आधीपेक्षा जास्त लाज वाटत होती.

घरी पोहोचल्यावर त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि शेजाऱ्यांच्या कानी जाऊ नये म्हणून बारीक आवाजात गेम लावला. मोनालीला समोर बसवले.

"आला का आवाज?"

तिने माझ्याकडे पाहिले, बाबांकडे पाहिले आणि भीतभीत मान हलवली. नाही.

ताराचंदचा हात उठला. तिच्या गालावर पाच बोटे उमटली. "खोटं काऊन बोलतेस? चार लोकात माझी इज्जत घालवली तू!"

"बाबा, मी खोटं नाही बोलून राहिली," ती हुंदके देत म्हणाली. मग बाबा पुन्हा मारतील या भीतीने ती माझ्याकडे सरकली आणि तिने आपला तळवा माझ्या स्पीकरच्या जाळीवर टेकवला. जाळीमागे माझा आवाज थरथरत होता. तिने डोळे पुसले. "थरथर लागून राहिली बाबा. आवाज असन मंग. तुम्ही म्हणता तं असन."

सत्यभामा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातले लाटणे तसेच राहिले. मोनालीची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांनी हळूच हाक मारली, "मोनाली." ती वळली नाही. थोड्या मोठ्याने, "मोनाली बेटा." ती माझ्या जाळीवर हात ठेवून उड्या मारणाऱ्या माणसाकडे पाहत राहिली. मग सत्यभामांनी लाटणे खालच्या थाळीवर आपटले. ताराचंद दचकले. मोनालीची मान हललीसुद्धा नाही.

खोलीत मी एकटाच बोलत होतो.

ताराचंदनी येऊन मला बंद केले. ते मुलीसमोर खाली बसले. त्यांना बोलायचे होते, पण ओठ नुसतेच हलले. मोनाली त्यांच्या ओठांकडे निरखून पाहत होती. ती आजवर अशीच पाहत आली होती आणि सगळ्यांना वाटत होते की ती फार गुणाची आहे, मोठ्या माणसांच्या तोंडाकडे पाहून ऐकते.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितले की, वर्षानुवर्षे वाहून दोन्ही कानांच्या पडद्यांना भोके पडली आहेत. कानात तेल घालायला नको होते, हेही त्यांनी सांगितले. घरी आल्यावर सत्यभामांनी तेलाची ती लहान कढई उचलून बाहेर ठेवली आणि तिथेच पायरीवर बसून रडल्या. अनुसयाबाई आल्या, त्यांच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "मीही पोराइले असंच टाकत होती वं." त्यानंतर त्यांनी मला कधी मुका म्हटले नाही.

मामांनी नागपूरला सोय केली. तिथे मोनालीच्या एका कानाचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या कानाला ऐकू येण्याची मशीन बसवावी लागली. त्या मशीनची तिला फार लाज वाटे. ती केस पुढे ओढून कान झाकून घेई. मी समोरून पाहत असे आणि मला मान असती तर मी ती खाली घातली असती. तिच्या कानाचा दोष एवढे दिवस माझ्या नावावर चालला होता. मी नादुरुस्त नसतो, तर तो कितीतरी आधी उघडा पडला असता.

बरे झाल्यावर तिने पहिल्यांदा गेम लावला, तेव्हा ताराचंदनी सवयीने माझा आवाज वर नेला. मोनाली कान दाबून ओरडली, "बाबा! एवढा मोठा कायले?"

ताराचंद हसायला लागले. हसताहसता त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड लपवले आणि बराच वेळ ते वर काढले नाही.

त्याच आठवड्यात ते मोनालीला घेऊन लखनभाऊंच्या दुकानात गेले. मलाही नेले होते, कारण बटण अडकत होते. दुकानात तेव्हाही गिऱ्हाइके होती. "जय भीम लखनभाऊ," ताराचंद म्हणाले आणि पोरीला दिसावे, ऐकू यावे म्हणून तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. "त्या दिवशी चार लोकात तुम्हाले बोललो. आज चार लोकातच सांगतो. दोष तुमचा नव्हता. टीव्हीचाही नव्हता. आन् माह्या पोरीचा तं नव्हताच. तिले मी मारलं, लखनभाऊ. तिनं खरं सांगितलं, म्हणून मारलं."

 लखनभाऊंनी स्टूल पुसून पुढे केले. "बैठो भाऊ," एवढेच म्हणाले. मोनालीने बाबांचा हात धरला. दुसऱ्या हाताने तिने घामाने चिकटलेले केस कानामागे सारले. कानातली मशीन सगळ्यांना दिसली. तिने ती झाकली नाही.

पुढे घरात भिंतीला टांगायचा सपाट टीव्ही आला आणि मी या फळीवर आलो. मोनाली आता कॉलेजात जाते. माझे सुटे भाग इतरांच्या कामी येतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. यंत्राची काळजी घ्या, पिना जपून लावा, हे मी तुम्हाला सांगेनच. पण मित्रांनो, यंत्र बिघडले तर ते उघडून पाहणारे लखनभाऊ भेटतात. मुलांना पाठ उघडून दाखवता येत नाही. म्हणून तुमच्या घरात, वर्गात कोणी म्हणाले, "मला ऐकू येत नाही," तर हसू नका, रागावू नका, वायर नंतर तपासा. आधी त्याच्या समोर जाऊन बसा आणि एवढेच विचारा, "कधीपासून?"