छत्तीस की त्रेसष्ट

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण खडूने लिहायचा नव्हे. चर्चमध्ये बाजाच्या पेटीच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला मी टांगलेला असतो. उपासनेत कोणते गीत गायचे त्याचा क्रमांक माझ्यावर लावतात आणि मंडळी तो पाहून आपापली पुस्तके उघडतात. माझे काम एवढेच. पण एकदा तेही चुकले, आणि त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे.

मी आधी एका मोडक्या दाराचा भाग होतो. सुतारकाकांनी त्यातली चांगली फळी निवडली, रंधा मारला आणि माझ्या अंगावर खाचा पाडल्या. अंक मात्र रंगवले नाहीत, लाकडातून कापून काढले. "रंग उडतो, लाकूड राहतं," असे ते सर्वांना सांगत. खरे कारण निराळे होते. काकांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ते चर्चच्या भिंतीवर लागावे असे त्यांना वाटत नव्हते. हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो.

पेटी वाजवत काकांच्या पत्नी. शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. दर शनिवारी दुपारी दोघे येत. बाई डब्यातून अंक काढून देत, काका स्टुलावर चढून ते लावत. तीस वर्षे हे चालले. बाहेरगावचे पाळक प्रवचनाला आले की म्हणत, "फळा काय सुबक आहे!" मी फुगून जाई. लाकूड असल्यामुळे ते कोणाला दिसत नसे, इतकेच.

मग बाईंचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधला भाग गेला. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. पुस्तक वाचता येईना, सूर चुकू लागले, आणि एका रविवारी त्यांनी पेटी बंद केली ती केलीच. त्यानंतर त्या चर्चमध्येही येईनात.

"ती म्हणते, देवानं माझ्याकडे पाठ फिरवली," काकांनी माझ्यासमोरच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितले. "मी म्हटलं, तुझा नि त्याचा छत्तीसचा आकडा कधीपासून?" असे म्हणून काका हसायला गेले, पण त्यांना हसू आले नाही.

मित्रांनो, कागदावर ३६ लिहून पाहा. तीन एकीकडे बघतो, सहा दुसरीकडे, दोघांची पाठीला पाठ. म्हणून न पटणाऱ्यांना तसे म्हणतात.

पाच महिने मला कोणी हात लावला नाही. शेवटच्या रविवारचे अंक तसेच राहिले आणि त्यांच्यामध्ये एका कोळ्याने बिऱ्हाड थाटले. पाळकसाहेब क्रमांक तोंडी सांगत. पेटी नसल्यामुळे कोणी वर चढे, कोणी खाली राही, म्हणून ते दोन कडव्यांची सोपी गीतेच निवडत. गाणे लवकर संपले की सगळ्यांना सुटल्यासारखे वाटे. मला फार वाईट वाटायचे.

शेवटी पाळकसाहेब काकांना म्हणाले, "फळा तरी लावत जा. म्हातारी माणसं मला पुन्हा पुन्हा नंबर विचारतात. या रविवारी छत्तीस लावा."

शनिवारी काका आले. मागोमाग बाईही आल्या. "सत्तरी उलटली नि स्टुलावर चढताय. मी फक्त स्टूल धरायला आलेय," त्या म्हणाल्या. "उद्या येणार नाही."

"बरं. आता तीन दे."

बाईंनी डब्यात हात घातला, एक अंक डोळ्यांपाशी नेला आणि अंदाजाने दिला. तो सहा होता. मग सहा मागितल्यावर त्यांनी तीन दिला. काकांनी दोन्ही मुकाट्याने लावले. त्यांचा चष्मा खिशातच होता.

तेवढ्यात पाळकसाहेब आले. "काका, हे त्रेसष्ट झालं. चार कडवी नि उंच चाल. पेटीशिवाय कोण उचलणार?"

बाई बाकावर बसल्या आणि रडू लागल्या. "बघा, एवढंही माझ्यानं होत नाही."

काकांनी मला खिळ्यावरून उतरवले आणि बाईंच्या मांडीवर ठेवले. "तूच बदल. डोळ्यांनी नको, हातानं."

बाईंची बोटे माझ्यावरून फिरली. सहावरून, तिनावरून, पुन्हा सहावरून.

"हे तर समोरासमोर आहेत," बाई म्हणाल्या.

"तेच दोघं," काका म्हणाले. "लाकूड तेच. जागा तेवढी बदलली."

बाईंनी पदराने डोळे पुसले. "पाठ मी फिरवली होती हो. तो होता तिथंच आहे."

"मग छत्तीस लावू ना?" पाळकसाहेबांनी विचारले.

"राहू द्या त्रेसष्ट. आईनं शिकवलंय मला ते, पुस्तकाशिवाय."

त्यांनी पेटी उघडली. पाच महिन्यांची धूळ उडाली आणि तिघेही शिंकले. मग बाई वाजवू लागल्या. अंधारात प्रभू हात सोडत नाही, असे तिसरे कडवे आहे. तिथे त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "प्रभू, डोळे मागून मागून दमले मी. आता जेवढं ठेवलंयस तेवढ्यावर वाजवते."

रविवारी मंडळींनी चारही कडवी गायली. दुसऱ्या कडव्यात बाई दोनदा चुकल्या. मला ते गाणे जन्मभर पुरेल.

बाईंची दृष्टी परत आली नाही. खोटे कशाला सांगू? पण त्या दिवशी मोजून अकरा गीते पाठ होती, आता सेहेचाळीस आहेत. संध्याकाळी काका ओळी गाऊन दाखवतात आणि बाई पाठ करतात. काकांचा सूर असा आहे की त्यांना गप्प करण्यासाठी तरी बाई लवकर शिकतात.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली आहे. ज्याने ते अंक स्वतः कापले, त्याच्या बोटांना तीन कोणता आणि सहा कोणता हे कळले नसेल? मला वाटते, काकांना तेव्हाच कळले होते.

तर मित्रांनो, माझे अंक डब्यात नीट ठेवत जा, ओल्या फडक्याने पुसू नका. आणि देवाने तोंड फिरवले असे कधी वाटले, तर आपण कुठे तोंड करून बसलो आहोत तेही एकदा पाहा. आता अंक बाईच लावतात, बोटांनी चाचपून. क्रमांक कोणताही असो, आधी त्या सहा आणि तीन काढतात, मांडीवर समोरासमोर ठेवतात, आणि मगच कामाला लागतात.