अजून एक टाळ

जळगावची भुतं वैशाखात भर दुपारी फिरतात, असं इंदिराअक्का म्हणायच्या. रात्री सगळी गल्ली गच्चीवर खाटा टाकून गप्पा मारत पडलेली असते, त्या गर्दीत भूत येऊन करणार काय? पण दुपारी बारा ते चार गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. डांबर चपलेला चिकटतं, दारं लोटलेली, खिडक्यांना ओली पोती. मग ज्याला यायचं असेल तो निवांत येतो.

मी हसायचो. ब्याण्णव साल. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. माझा सोल्डरिंगवर जेवढा जीव, तेवढाच कीर्तनावर. पाचोऱ्याला आमचे मामा विणेकरी, त्यामुळे पाळण्यात असल्यापासून कानावर टाळ पडलेले. कुणाचा ठेका चुकला की मला घासात खडा आल्यासारखं व्हायचं. पुढं जे झालं ते या कानांच्या गर्वापायीच झालं.

अक्कांच्या घराची माडीवरची पत्र्याची खोली मी संक्रांतीनंतर भाड्यानं घेतली. त्याआधी ती त्यांच्या मुलाची होती. उखर्डूची. पहिली दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून हे तिसरं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, परक्याचं म्हणून उचलून आणलं, आणि नावही तसंच ठेवलं. कुणाला हवंसं वाटू नये म्हणून. तरी गेल्या वैशाखात नशिराबादजवळ हायवेवर ट्रकनं त्याला नेलंच. तेवीस वर्षांचा होता. अक्कांचे मालक आधीच वारलेले. खाली अक्का एकट्या, वर मी.

खोलीत त्याचं काही राहिलं नव्हतं. दारामागं एक मोठा खिळा होता, त्याला मी शर्ट अडकवायचो. अक्का कधी पाण्याचा माठ भरायला वर आल्या की आधी त्या खिळ्याकडं बघायच्या, मग माझ्याकडं.

चैत्र सरता सरता एक दिवस त्या लाल फडक्यात काहीतरी गुंडाळून वर आल्या.

"रतिलाल, तुले मशीनचं बठ्ठं समजते ना रे?"

"सगळं नाही अक्का. पण काय झालं?"

"हे कॅसेट पाह्य जरा. टेपनं फीत खाल्ली, तवापासून मुकी हाये. सप्त्यातलं कीर्तन हाये, जीवरामबुवाचं. उखर्डूनं टेप मांडवात ठेवून भरेल हाये, जाण्याच्या महिनाभर आधी. त्याच्या वर्षश्राद्धाले लावायचं हाये मले. तेवढं करून दे बापा."

कॅसेटवर निळ्या शाईत लिहिलं होतं : काल्याचं कीर्तन. पुसू नये. नुसतं लिहूनही त्याचं समाधान झालं नसावं. वरच्या कडेची प्लॅस्टिकची चिप त्यानं तोडून टाकली होती. ती तोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, मशीनचं बटणच दबत नाही.

फीत सरळ करायला एक दुपार पुरली. चुरगळलेली फीत बोटांनी सपाट केली, नव्या डबीत बसवली, त्याच्या अक्षरातला कागद सोडवून तिच्यावर चिकटवला, आणि डबीची चिप त्यानं तोडली होती तशीच तोडली. मग माझ्या मशीनवर लावली. ते मशीन मी प्रोजेक्टसाठी भंगारातल्या दोन टेपांचं मिळून एक केलेलं. एका बाजूनं वाजायचं, दुसऱ्या बाजूनं भरून घ्यायचं. धुळ्याचा माझा वर्गमित्र पुना त्याला हसायचा. "हाई काय शे रे? टेप शे का पिठाची गिरणी?"

बुवांचा आवाज आला आणि मी मांडी घालून बसलो. काय गळा! कीर्तनात एखादा क्षण असा येतो, की बुवा गात नाहीत, त्यांच्यातून कुणीतरी गातंय असं वाटतं. तसे क्षण या एका कीर्तनात चार-पाच होते. पण त्यात भोंग्याची शिट्टी, लेकराचं रडणं, कुणाचा खोकला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एक टाळ. वीस टाळ एकदम पडायचे, गजर थांबायचा, आणि मग अर्धी मात्रा मागून एक टाळ एकटाच यायचा. छन्न. दर वेळी. एका ठिकाणी तर बुवाच थांबले. म्हणाले, "थांबा रे, अजून एक टाळ यायचाय." तो टाळ आला, आणि अख्खा मांडव खो खो हसला.

माझ्या अंगावर काटा आला, रागानं. एवढं सोन्यासारखं कीर्तन आणि हा कोण गबाळा त्यात उभा!

मग मी तीन दुपारी बसून ते स्वच्छ केलं. एका कॅसेटवरून दुसरीवर भरून घ्यायचं, आणि प्रत्येक गजर संपला रे संपला की नेमक्या क्षणी बटण दाबून तो उरलेला टाळ वगळायचा. तेवीस ठिकाणी वगळला. बुवांचं ते थांबणं आणि मांडवाचं हसणंही वगळलं. मग वाटलं, अक्कांना त्यांच्या मुलाच्या अक्षरातलीच कॅसेट परत द्यावी. तोडलेल्या चिपेच्या जागी चिकटपट्टी लावली, आणि स्वच्छ केलेलं कीर्तन पुन्हा त्याच फितीवर भरलं.

"पुसू नये लिखेल शे ना भो," पुना म्हणाला.

"मी कुठं पुसतोय? मी धुतोय."

वर्षश्राद्धाला विधी पुतण्यानं केले. जेवणं झाली, बायामाणसं ओसरीत बसली आणि मी कॅसेट लावली. बुवांचा आवाज आरशासारखा लख्ख. माणसं माना डोलवू लागली. मी कोपऱ्यात उभा राहून शाबासकीची वाट बघत होतो.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. पहिला गजर थांबला तशी त्यांनी मान किंचित कलती केली. दुसरा थांबला तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तिसऱ्यानंतर त्यांनी सगळ्यांकडं बघत हसून एक बोट वर केलं. "आता आयका हं."

बुवा न थांबता पुढं गेले.

अक्कांचं बोट तसंच वर राहिलं.

"रतिलाल," त्या म्हणाल्या, "माहा उखर्डू कुठी गेला रे?"

मला काहीच कळेना. शेजारच्या मंजुळाबाईंनी हळू आवाजात सांगितलं. "तो टाळ धरायचा ना बापा. शेवटच्या ओळीत, कडेले. दरसाल मांगं पडायचा, दरसाल बुवा त्याची मस्करी करायचे. आठी, याच जागी बुवा थांबतात, अन् मंग त्याचा येतो."

अक्कांनी उठून मशीन बंद केलं, कॅसेट लाल फडक्यात गुंडाळली. देवघरापर्यंत गेल्या, तिथं थांबल्या, परत आल्या आणि ती माझ्या हातात दिली.

"ठेव तुह्यापाशीच. तुले काय माहीत रे बापा, मीच सांगलं नाही." आणि मग, "जेवला का तू? बस, वाढते."

त्यांनी रागावून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो पोरगा या घरातून दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी त्याला मी नेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

दुपारी एक वाजता मी पुस्तक घेऊन पडलो होतो. पत्रा तापला की तडतड वाजतो, रोजचंच. पण त्या दिवशी तडतड थांबली आणि थोडं मागून आणखी एक आवाज आला. मी उठून बसलो. पंख्याची खटखट ऐकली. बंद केला. पाती थांबली आणि त्यानंतर अजून एक खट्. जिना उतरलो, खाली पोचलो, तर माझ्यामागं एक पायरी अजून वाजली. वळून पाहिलं. पांढरंफटक ऊन आणि रिकामा जिना. परत वर आलो तर दारामागच्या खिळ्याला माझा शर्ट हलत होता. वारा म्हणाल तर झाडाचं पान हलत नव्हतं. शर्ट काढून मी दोरीवर टाकला.

तीन दुपारी असं चाललं. जे काही थांबायचं त्याच्यामागं अर्धी मात्रा सोडून काहीतरी यायचं. तोंडी परीक्षा तोंडावर आलेली, माझं अक्षर न् अक्षर उडालं. पुना म्हणाला, "तुले ऊन लागनं भो. कांदा ठेव खिशात." मी ठेवलाही.

चौथ्या दुपारी मी दार लावून ती कॅसेट पुन्हा लावली. भीती घालवायला नाही. माझं पाप किती मोठं, ते मोजायला. पहिला गजर संपला, तिथं मी आवाज पूर्ण वाढवला. खरखर. नुसती रेतीसारखी खरखर. आणि त्या खरखरीच्या तळाशी, दुसऱ्या गावात कुणी वाजवावा तसा, एक टाळ.

छन्न.

मी मशीनपासून पार दारापर्यंत मागं सरकलो. पाठीला तो खिळा टोचला.

मग शिकलेलं हळूहळू डोक्यात यायला लागलं. हातात टॉर्च घेऊन मशीन उघडलं. नवं भरण्याआधी जुनं पुसणारं एक हेड असतं. भंगारातून आणलेलं माझं ते हेड केसभर तिरपं बसलं होतं. माझ्या हातची चूक. त्यामुळे फितीची एक बारीकशी कड पुसायची राहून गेली होती. त्या कडेला, सगळ्या टाळकऱ्यांच्या शेवटी, तो अजून उभा होता.

वाजवणाऱ्या हेडाचा स्क्रू मी जीव मुठीत धरून फिरवला. बुवांचा लख्ख आवाज मागं मागं गेला, आपण मांडवातून उठून शेताकडं चालत जावं तसा. आणि खालून दुसरंच कीर्तन वर आलं. शब्द नव्हतेच, बुवा म्हणजे नुसता घुमारा. पण टाळ होते. वीस टाळ, आणि मग एक.

मी धावत खाली गेलो. "अक्का, वर चला."

"या उन्हात?"

"चला तुम्ही."

गुडघ्यावर हात देत त्या चढल्या. आत आल्याबरोबर खिळ्याकडं पाहिलं. रिकामा खिळा पाहून क्षणभर तिथंच थांबल्या.

"तिथं काय असायचं अक्का?"

"त्याचे टाळ. दुसरं काय टांगीन तो?"

मी त्यांना खाटेवर बसवलं. "बुवांचे शब्द आले नाहीत. ते मी पुसले, ते परत यायचे नाहीत. फक्त..."

"लाव."

घुमारा सुरू झाला. गजर वाढत गेला आणि थांबला. छन्न.

अक्कांनी डोळे मिटले. "हां," त्या म्हणाल्या. "हाच. मांगं राहेल गधडा." गालावरून पाणी ओघळलं आणि तोंड हसत होतं. "लहानपणापासून असाच. शाळेत उशिरा, जेवाले उशिरा. मी म्हणे, तुले घाई काउन नाही रे कशाची?" दर गजरानंतर त्या मान कलती करायच्या आणि दर वेळी तो यायचा.

ती जागा जवळ आली. मला फितीचं गुंडाळं बघून कळत होतं. बुवांचा घुमारा थांबला. इथं त्यांचं ते वाक्य होतं, आणि मला माहीत होतं की आता ते ऐकू येणार नाही.

तेवढ्यात लाईट गेली.

पंखा मंदावला. मशीनचा लाल दिवा विझला, चाकं थांबली. माझा हात बटणावर होता, मी बघत होतो, चाकं थांबलेली होती. पत्राही त्या क्षणी गप्प. अक्का डोळे मिटून तशाच बसलेल्या. त्यांनी एक बोट वर केलं, आणि थेट बुवांच्या ढंगात, सावकाश म्हणाल्या,

"थांबा रे. अजून एक टाळ यायचाय."

तो आला.

खरखर नव्हती त्याला. दुसऱ्या गावातूनही नव्हता आला. पितळेवर पितळ पडावं आणि त्याचा कंप खोलीभर राहावा, तसा आला. अक्का खो खो हसल्या, मांडव हसला होता तशा, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "लाईट गेली का रे?"

"हो अक्का."

"मंग झाकून ठेव मशीन. झालं आता."

त्या खाली गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा हातात टाळ होते, दोरीला लाल गोंडा लावलेले. ते त्यांनी स्वतःच्या हातानं खिळ्याला टांगले. "तुह्या शर्टाले दुसरी जागा पाह्य," म्हणाल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कागदावर हिशेब केला. लाईट गेल्यावर कपॅसिटरमध्ये किती वीज शिल्लक राहते, चाक आपल्या वेगानं किती फिरतं. कसंही मांडलं तरी अर्ध्या सेकंदाच्या वर जाईना. अक्कांचं वाक्य त्याच्या कितीतरी पट लांब होतं. दोनदा मांडून पाहिलं आणि कागद घडी करून देवाच्या फोटोमागं ठेवला.

जूनपर्यंत मी त्या खोलीत राहिलो. दुपार व्हायची, पत्रा तडतडायचा, थांबायचा. मी हातातलं काम तसंच धरून अर्धी मात्रा वाट बघायचो. मग पुढं जायचो.