ऑर्केस्ट्राच्या आधीचा बँड

"आबा, तुम्ही एकटेच वाजवा. ढोल नको, ताशा नको. मला फक्त आवाज तपासायचाय," ऑर्केस्ट्राचा मालक राजवर्धन स्टेजवरून महिपतीला म्हणाला.

ढोलाची दोरी ताणणारा भीमा थांबला. "एकट्याचं कसं व्हईल? मधी माजा ठोका लागतो की."

"दोन मिनिटांचं काम आहे हो."

अंथुर्ण्याच्या यात्रेत पुण्या-मुंबईचा कितीही मोठा ऑर्केस्ट्रा येवो, स्टेजवर पहिली वाजते ती भैरवनाथाची गत, देवापुढची ठरलेली धून, आणि ती वाजवतो महिपतीचा बँड. हा मान त्याच्या वडिलांपासूनचा. मान म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. खरं सांगायचं तर त्या वेळी समोर रिकाम्या खुर्च्या असतात आणि गाव पाळण्यांपाशी असतं. लग्नांत डीजे घुसला तसे बँडमधले एकेक जण गळाले आणि चौघेच उरले. यंदा मात्र राजवर्धनने शब्द दिला होता. आज जमलं तर हंगामभर गावोगाव त्याच्या कार्यक्रमाआधी यांनीच वाजवायचं. महिपतीच्या बायकोने, बनाबाईने, लाल कोटाची उसवलेली सोनेरी फीत बसून शिवली होती. हा हंगाम हुकला तर बँड मोडला, हे चौघांनाही ठाऊक होतं. बोलून कुणी दाखवलं नव्हतं, एवढंच.

महिपतीने चपला काढल्या आणि ट्रंपेट ओठांना लावलं. आवाज तपासायला चार सूर पुरले असते. पण त्याने सवयीने देवाची गत धरली, आणि देवाची गत एकदा धरली की अर्धी सोडायची नसते. मधल्या जागी, जिथे भीमाचा ठोका पडतो, तिथे थांबून त्याने श्वास घेतला, गत पुन्हा उचलली आणि शेवटाला नेली. की-बोर्डवाला मान खाली घालून बटणं दाबत होता.

"एक नंबर, आबा. आलं सगळं मशीनमध्ये," राजवर्धन म्हणाला.

"मशीनमधी कशाला?" भीमाने विचारलं.

"असू दे, आठवण म्हणून."

महिपती लाजला. आयुष्यभर वाजवलं, पण त्याचं वाजवणं असं कुणी जपून ठेवलं नव्हतं. घरी गेल्यावर बनाबाईला त्याने ते कौतुकाने सांगितलं, जेवताना पुन्हा सांगितलं. भोळेपणाला औषध नाही, दुसरं काय म्हणायचं.

हंगाम मिळाला. पणदऱ्याच्या यात्रेत ते वाजवत असताना लाइटवाले त्यांच्या डोक्यावर दिवे टांगत होते. कऱ्हाटीत तर गत चालू असतानाच माइकवरून कुणाची तरी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. भीमा भडकला. महिपती म्हणाला, "वाजवाया मिळतंय न्हवं? मग गप वाजीव." पावसाळ्याच्या तोंडावर राजवर्धन निरोप घेताना म्हणाला, पुढच्या चैत्रात फोन करतो.

फोन आला नाही, चैत्र आला. यात्रेच्या दिवशी चौघेही कोट घालून स्टेजमागे हजर झाले. राजवर्धनने वाकून नमस्कार केला. "आबा, यंदा तुम्हाला त्रास नको. निवांत बसून बघा."

"आन् देवाची गत?"

"ती होणारच. तुमचीच होणार."

महिपतीला काही उमगेना. त्याने यात्रा कमिटीच्या आप्पासाहेबांकडे पाहिलं. "गत व्हनार म्हनत्यात की, महिपतराव," आप्पासाहेब म्हणाले. "मग अडचन काय हाय?"

तिन्हीसांजेला स्टेजवर धूर सोडला, दिवे फिरले आणि स्पीकरमधून ट्रंपेट घुमलं. पहिल्या सुरालाच महिपतीने ते ओळखलं. स्वतःचा श्वास माणूस कसा विसरेल? इतका मोठा, इतका स्वच्छ तो जन्मात वाजला नव्हता. खुर्च्यांच्या मागे उभ्या उभ्या त्याने चपला काढल्या.

"अवो, ह्ये तर तुमीच," शेजारी उभी असलेली बनाबाई म्हणाली. मग तिची नजर त्याच्या काखेतल्या ट्रंपेटकडे गेली.

मधली जागा आली. ढोल तेव्हा मशीनमध्ये घेतलाच नव्हता, त्यामुळे तिथे नुसती शांतता होती. भीमाचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

मशीनने गत पुन्हा उचलली, पण ती शेवटापर्यंत पोचलीच नाही. नाचणाऱ्या मुली स्टेजवर आल्या, की-बोर्डवाल्याने बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं. शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. देवाची गत अर्धी सुटली, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"चला," भीमा म्हणाला. "आपलं आता हितं काय न्हाय."

महिपती हलला नाही. काखेतलं ट्रंपेट त्याने हातात घेतलं, पण ओठांना लावलं नाही. तीन बोटं कळांवर ठेवून तो उरलेली गत दाबत राहिला. बनाबाई हात जोडून शेजारी थांबली. शेवटची कळ दाबून झाली, तेव्हा कुठे त्याने चपला घातल्या.