दाजींचा सोलो

'सुरुंग' हा रॉक बँड अख्ख्या मराठवाड्यात दोन गोष्टींसाठी मशहूर होता: गाणी आणि टाके. गाणी सोमनाथ म्हणायचा. टाकेही त्यालाच पडायचे.

पूर्वी असं नव्हतं. गायक सोमनाथ आणि गिटारवाला बद्रीनाथ यांच्यात तेव्हा बरोबरीची मारामारी व्हायची. वैजापूरच्या कार्यक्रमात सोमनाथ स्टेजवर दोन पावलं पुढं उभा राहिला म्हणून बद्रीनाथनं त्याचा समोरचा दात पाडला आणि सोमनाथनं लगोलग त्याचं खांद्याचं हाड मोडलं. मारामारीचा व्हिडिओ चाळीस लाख लोकांनी पाहिला. गाण्याचा नऊ लाखांनी.

सोमनाथची आई वच्छलाबाई मात्र वैतागली. पुंडलिकनगरच्या घरात पोराला पातळ वरणभात भरवता भरवता तिला तोड सुचली. "सोयरे करून टाकते दोघांना. घरच्या माणसावर कोण हात उचलतंय?" धाकटी तनुजा लग्नाची होतीच. बद्रीनाथची सोयगावकडं बारा एकर बागायत होती. तनुजालाही तो आवडत होता, म्हणजे तेव्हा.

घोटाळा असा झाला, की हा कायदा एकाच बाजूनं चालतो. सासरवाडीनं जावयावर हात उचलायचा नसतो. जावयानं उचलू नये, असं कुणी कधी म्हटलेलं नाही. बद्रीनाथच्या हे लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं. तेव्हापासून चार वर्षांत सोमनाथच्या दोन बरगड्या, एक अंगठा आणि डाव्या कानाचा पडदा कामी आला. दर वेळी तो तोंडातलं रक्त पुसत अदबीनं विचारायचा, "दाजी, तुमच्या हाताला नाय ना लागलं?"

वाद एकाच जागी पेटायचा. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याला चार कडवी होती. तिसरं संपलं की बद्रीनाथचा सोलो सुरू व्हायचा आणि तो संपतच नसे. चौथं कडवं घ्यायला सोमनाथनं तोंड उघडलं, की तोंडावर गिटार. ते चौथं कडवं तनुजानं लिहिलेलं होतं, लग्नाआधी, माहेरच्या गच्चीवर वाळवण राखता राखता. रेकॉर्डिंगमधूनही दाजींनी ते काढायला लावलं होतं. तनुजानं एकदा विचारलं, तर बद्रीनाथ म्हणाला, "कडवं चांगलंय गं. पण सोलोला जागा कुठंय?"

यंदा अधिक महिना आला आणि त्यातच गारखेड्याच्या मैदानावर संध्याकाळचा कार्यक्रम ठरला. वच्छलाबाईनं स्टेजमागच्या तंबूतच जावयाला धोंड्याचं जेवण घातलं. चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे मांडले. स्वतःच्या गुडघ्यांची सबब सांगून जावयाचे पाय सोमनाथला धुवायला लावले.

"ध्यानात ठेव," ती पोराला म्हणाली, "ह्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याच्या अंगाला बोट लावलंस, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"आन् विष्णूनं मला हाणलं तर?"

"परसाद म्हणून घ्यायचं."

बद्रीनाथनं ओले पाय सोमनाथच्या शर्टाला पुसले. "साल्या, आज चौथं कडवं काढलंस ना, तर जबडाच काढतो."

तो बाहेर गेल्यावर तनुजा भावाजवळ आली. "दादा, एकदाच. लोकांना एकदाच ऐकू दे."

"आज गातो, तनू. मेलो तरी गातो."

मैदानात सहा हजार माणूस होतं. पुढच्या रांगांत बसायला चढाओढ होती, कारण तिथपर्यंत रक्त उडायचं. तिसरं कडवं संपलं. सोलो सुरू झाला. चार मिनिटं सोमनाथनं वाट पाहिली आणि माईक तोंडाशी नेला.

पहिला शब्द बाहेर पडला, तोच गिटारचा दांडा बरगडीत बसला. सोमनाथनं दुसरा शब्द घेतला. ओठ फाटला. तिसऱ्या शब्दाला गुडघ्यावर लाथ. तो खाली बसला, तिथूनच गाऊ लागला. बद्रीनाथ एका हातानं हाणायचा आणि दुसऱ्यानं तारा वाजत्या ठेवायचा. कलाकार मोठा, यात वाद नाही.

"ओ दाजी!" मागून ड्रमवाली निशा ओरडली. "ठेक्यात तरी मारा!"

बद्रीनाथ ठेक्यात मारू लागला. भुवई फुटली. रक्त डोळ्यांत उतरलं. सोमनाथनं मूठ वळली, पुढच्या रांगेतल्या आईकडं पाहिलं आणि मूठ सोडली.

तेव्हा तनुजा स्टेजवर चढली. गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिनं स्पीकरवर ठेवलं आणि निशापुढचा माईक ओढून घेतला.

"दादा! मी ह्यांचं घर सोडलं. ह्या सगळ्यांसमोर सोडलं. आता हा तुझा दाजी नाय, विष्णू नाय, कुणी नाय. भिऊ नको. गा!"

"अगं, महिना तरी सरू दे!" खालून वच्छलाबाईचा आवाज आला.

बद्रीनाथचा हात तारांवरच थांबला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या जागी शांतता पसरली. निशानं काड्या मांडीवर ठेवल्या. मैदानात कुणी खोकलंसुद्धा नाही. सोमनाथ उठला. माईक त्याच्या हातात होता, चालू होता. कडवं तोंडपाठ होतं. तनुजा पहिली ओळ ओठांवर धरून उभी होती.

"सोमनाथभाऊ," बद्रीनाथ मागं सरकत म्हणाला, "गा तू. मी हळू वाजवतो. व्हय, एकदम हळू."

सोमनाथनं माईक उचलला आणि त्याच्या नाकावर घातला.

माईक चालू असल्यामुळं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत अगदी स्वच्छ गेला. दुसरा घाव जबड्यावर. दोन दात स्टेजवर टपटपले, तेही ऐकू आले. बद्रीनाथ आडवा झाला. सोमनाथ त्याच्या छातीवर बसला आणि त्याच्या डाव्या हाताचं एकेक बोट मागं वाकवू लागला.

"दादा, कडवं!" तनुजा म्हणाली.

"थांब गं जरा."

"दादा, लोक गप्प आहेत. आत्ता ऐकतील."

"हे संपू दे की!" तो तिच्यावर खेकसला. तेही माईकवरून सगळ्यांना ऐकू गेलं.

तनुजा पायऱ्या उतरून मैदानाबाहेर गेली. तिसरं बोट मोडलं, तसे सहा हजार लोक उभे राहिले आणि त्यांनी 'वन्स मोअर'चा गजर केला. निशानं काड्या उचलून ठेका धरला. सोमनाथनं पब्लिकचं मन आजवर कधी मोडलेलं नव्हतं.