पाटी बावीस नंबरला एक तास थांबली

ओटिली त्सिलमानचं पत्र मार्चमध्ये न्यूरेंबर्गहून आलं. निळ्या शाईत, जेमतेम आठ ओळी. जूनच्या दुसऱ्या रविवारी, गाव सोडून गेलेल्यांच्या संघटनेच्या बसमधून ती होल्त्सबर्गला येणार होती, अठ्ठेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. १९४५च्या जानेवारीत, त्या रविवारी, तिची आई बुरुजातून खाली का उतरली?

'आजी म्हणायची, मी रडले म्हणून,' तिने लिहिलं होतं. 'तुझे वडील तेव्हा आळीप्रमुख होते. त्यांच्या वहीत काही असेल तर मला दाखव. मी आता त्र्याऐंशीची आहे.'

रेगिने डेप्नरने उत्तर पाठवलं नाही. वहीत काय लिहिलंय ते तिला माहीत होतं.

रोमानियात, ट्रान्सिल्व्हानियातल्या या गावात जर्मन बोलणारी अकरा माणसं उरली होती. त्यांतली चार हिंडतीफिरती. बाकीचे नव्वद साली, सीमा उघडल्यावर, दोन वर्षांत जर्मनीला निघून गेले. रेगिनेची दोन्ही मुलंही गेली. ती राहिली आणि तटबंदीतल्या चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या. एक्याऐंशीव्या वर्षीही दिवसाला दोन गटांना ती गाव दाखवायची. आळीच्या सात जुन्या वह्यांपैकी सहा तिने शहरातल्या दप्तरखान्याला देऊन टाकल्या होत्या. सातवी स्वयंपाकघराच्या कपाटात, टेबलक्लॉथच्या घडीखाली होती.

बस अकरा वाजता आली. संघटनेचा हॉर्स्ट आधी उतरला. पंचेचाळिशीचा, गोल पोटाचा. बारा वर्षांचा असताना आईबापांबरोबर इथून गेलेला.

"रेगिनेमावशी, अजून जिवंत?"

"तू येऊन बिल बुडवून जातोस, म्हणून मरता येत नाही."

"या वेळी बावीसजण आणलेत. सरासरी वय शहात्तर. पायऱ्या कमी करा जरा."

"पायऱ्या तुझ्या पणज्याने बांधल्यात. त्याला सांग."

ओटिली सगळ्यांत शेवटी उतरली. उंच होती ती, आता वाकली होती. रेगिने तिच्याहून दोन वर्षांनी लहान. शाळेत एकाच बाकावर बसायच्या.

"जाडी झालीस गं," ओटिली म्हणाली.

"आणि तू वाळलीस. जर्मनीत खायला घालत नाहीत?"

"पत्र मिळालं होतं?"

"मिळालं."

"मग?"

"आधी गाव बघ. सगळ्यांबरोबर."

रेगिनेने नेहमीचा क्रम सोडला नाही. आधी बाहेरची भिंत, मग आतली, मग धान्याच्या कोठड्या. आपण जन्मलो ते गाव पाहुण्यासारखं बघायला ही माणसं पैसे भरून आली होती, आणि ती खरोखरच पाहुण्यांसारखी बघत होती. कुणी वेशीवर कोरलेल्या वर्षाचा फोटो काढला. कुणाला स्वच्छतागृह हवं होतं.

चरबी बुरुजाखाली सगळे थांबले. आत, उंच तुळयांवर, प्रत्येक घराचा नंबर आणि त्याखाली लोखंडी आकडा होता. डिसेंबरात डुक्कर कापलं की खारवलेल्या चरबीचा लांब पट्टा आपापल्या आकड्याला टांगायचा. रविवारी सकाळी चर्चआधी घंटावाला कुलूप काढायचा. प्रत्येकाने आठवड्यापुरता तुकडा कापायचा आणि कापलेल्या टोकावर घराचा शिक्का मारून घ्यायचा. एरवी बुरूज बंद. थंड, कोरडा, भिंत दोन मीटर जाडीची.

"वेढ्याची गोष्ट सांगा ना," एक बाई म्हणाल्या. "आमची आजी सांगायची."

रेगिनेने सांगितली. तुर्कांचा वेढा पडला, सात आठवडे झाले, गावात एकच डुक्कर उरलं. बायकांनी उरलंसुरलं सगळं धान्य त्याला चारलं आणि तटावरून खाली फेकून दिलं. शत्रूने पोट फाडून पाहिलं, तर आत गहू. डुकरांना गहू घालणारं गाव आणखी वर्षभर दम धरेल असं समजून त्यांनी तंबू उचलले.

"खरी आहे का?" कुणीतरी विचारलं.

"हीच गोष्ट सांगणारी पाच गावं मला माहीत आहेत. आमचं डुक्कर जास्त लठ्ठ होतं, एवढाच फरक."

सगळे हसले. ओटिली हसली नाही. ती मान वर करून आकड्यांवरचे नंबर वाचत होती. बावीसचा, तिच्या घराचा, आकडा तिला सापडला तेव्हा रेगिनेला कळलं, कारण ओटिलीने भिंतीला हात टेकला.

चर्चमागच्या खोलीत, काचेच्या पेटीत, वरच्या आळीची पाटी होती. ओकच्या लाकडाची, बदामाच्या आकाराची, हाताच्या पंजाएवढी. आळीप्रमुखाने निरोप सांगायचा आणि पाटी पहिल्या घरी द्यायची. त्या घराने ती लगेच पुढच्या घरी न्यायची, तोच निरोप शब्दाला शब्द सांगायचा. ज्याच्यासाठी निरोप असेल त्याने पाटीला हात लावायचा. हात लावला की जायचंच. कुणी मेलं, खड्डा खणायचाय, आग लागली, विहीर उपसायची, सगळं पाटीवर. बत्तीस घरं फिरून पाटी प्रमुखाकडे परत. पाटी घरात अडवून ठेवली तर दंड व्हायचा, आणि दंडापेक्षा नाचक्की मोठी.

"कधी कुणी पाटीला नाही म्हटलं का?" हॉर्स्टने विचारलं. हा प्रश्न तो दर वर्षी विचारायचा, कारण रेगिनेचं उत्तर लोकांना आवडायचं.

"दोनशे वर्षांत एकदाही नाही."

"त्या रविवारी पाटी फिरली होती का?" ओटिली म्हणाली.

 कुठला रविवार हे तिथे कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्या दिवशी सोव्हिएत सैनिक आले होते. गावातल्या जर्मनांपैकी अठरा ते तीस वयाच्या बायका आणि सतरा ते पंचेचाळीसचे पुरुष, युद्धाची भरपाई म्हणून, त्यांना आपल्याकडच्या दोन्बासच्या कोळसा खाणींत राबायला न्यायचे होते. बसमधल्या प्रत्येकाच्या घरातून कुणी ना कुणी गेलं होतं.

"जेवणानंतर माझ्या घरी ये," रेगिने म्हणाली.

जेवण शाळेच्या हॉलमध्ये होतं. त्यानंतर बाकीचे कबरस्तानाकडे निघाले. ओटिलीने आजीच्या कबरीसाठी न्यूरेंबर्गहून फुलांची कुंडी आणली होती. ती तिने हॉर्स्टच्या हातात दिली आणि मागून येते म्हणाली.

रेगिनेने कॉफी केली. बशीत हांक्लिश केकचे दोन तुकडे ठेवले.

"लोणी कमी घातलंयस."

"डॉक्टरने सांगितलंय."

"डॉक्टर रोमानियन आहे ना? त्याला काय कळतंय हांक्लिशमधलं?" ओटिलीने तुकडा तोडला आणि तसाच ठेवला. "रेगिने, मला फिरवू नकोस. मी रडले होते का नाही, एवढं सांग. बाप आघाडीवर बेपत्ता. आई सकाळी बुरूज उघडला तेव्हा चरबी कापायला म्हणून आत गेली आणि पट्ट्यांमागे लपली. घंटावाल्याने बाहेरून कुलूप लावलं. बरोबर?"

"बरोबर."

"तिथे कुणी शोधलं नसतं."

"नाही. सैनिकांनी बुरूज उघडलाच नाही."

"मग मी अंगणात रडायला लागले. तिला ऐकू गेलं. ती आली." ओटिली हे सगळं सरळ आवाजात बोलत होती, पाठ असल्यासारखं. "सत्तेचाळीस साली ती तिकडे मेली. आजी मला कधी ओरडली नाही त्यावरून. नुसती म्हणायची, लेकरू होतीस, तुला काय कळत होतं. माझं लग्न झालं तेव्हाही म्हणाली. मला स्वतःला मूल नको होतं, ते का, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही."

रेगिने उठली. तिने कपाट उघडलं, टेबलक्लॉथ बाजूला केले आणि वही टेबलावर ठेवली. पान शोधावं लागलं नाही. वाचताना तिचा आवाज गटाला माहिती देतानाचा होता. दुसरा आवाज तिला सापडला नाही.

"१४ जानेवारी. पाटी दुपारी दीड वाजता काढली. निरोप: यादीतल्यांनी संध्याकाळी सहापर्यंत शाळेत हजर व्हावं. गरम कपडे आणि पंधरा दिवसांचं खाणं बरोबर घ्यावं. बावीस नंबरला पाटी एक तास थांबली. कारण: सून घरात नव्हती, बुरुजात होती. सासूने घंटावाल्याकडून किल्ली घेऊन पाटी वर नेली, सुनेचा हात लावून घेतला, आणि तेवीस नंबरला पोचती केली. कारण ग्राह्य. दंड माफ. पाटी पावणेपाचला परत आली."

ओटिलीने वही स्वतःकडे ओढली. चष्मा बदलला. जुनी लिपी तिला वाचता येत होती. तिने दोनदा वाचलं.

"हे तुझ्या बापाचं अक्षर."

"हो."

"ढोल का नाही वाजवला? सरकारी हुकूम असला की ढोल वाजायचा."

"ढोल ऐकून कुणी आलं नसतं. सगळे रानात पळाले असते. सैनिकांना आकडा पुरा हवा होता, ओटिली. यादीतलं माणूस मिळालं नाही तर शेजारचं उचलणार होते. तेवीस नंबरची मुलगी सोळा वर्षांची होती."

"म्हणजे त्यांनी मोजून मागितली आणि तुझ्या बापाने मोजून दिली."

"हो."

"आणि तो स्वतः?"

"शेहेचाळीसचा होता. एका वर्षाने सुटला."

"दंड माफ," ओटिली म्हणाली. तिने बोट त्या शब्दांवर ठेवलं. "आळीतली माणसं चालली होती आणि हा बसून दंड माफ करत होता."

रेगिनेने बापाची बाजू मांडायचं ठरवलं होतं. पंधरा वर्षं ती ते वाक्य मनात घोळवत होती. ते तिने वापरलं नाही.

"आजी वर गेली," ओटिली म्हणाली. "किल्ली मागून घेतली. सदुसष्ट पायऱ्या चढली. खाली येऊन नुसतं म्हणाली असती, सून पळून गेली, तर?"

"तर पाटी अडली असती."

"तर पाटी अडली असती," ओटिली तसंच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. वरच्या आळीत जन्मलेल्या माणसाला हे कारण समजावून सांगावं लागत नाही, आणि तेच भयंकर होतं.

बाहेर कबरस्तानाकडून माणसांचे आवाज येत होते. कॉफी थंड झाली.

"ही वही तुझ्याकडे कधीपासून?"

"बाबा गेले तेव्हापासून. बासष्ट."

"आजी एकाहत्तरला गेली."

"हो."

"नऊ वर्षं. मी रोज तुझ्या दारावरून दूध आणायला जायचे. तू मला हाक मारायचीस."

"हो."

"मला तिला विचारता आलं असतं, रेगिने. निदान विचारता तरी आलं असतं. काय म्हणाली असती ते सोड."

"मला वाटलं, तुझं आजीशिवाय कुणी नव्हतं."

"म्हणून तू मला रडणारी पोर ठेवलंस."

 खरं तर ओटिलीसाठी नव्हे, बापासाठी गप्प राहिली होती रेगिने. त्याच्या नावाचा फलक शाळेच्या दारावर आहे, 'आळीचा शेवटचा प्रमुख' म्हणून. हे बोलून दाखवायची आता गरज नव्हती. ओटिलीला ते कळलेलं दिसत होतं.

"पण मी रडले होते," ओटिली म्हणाली. "मला आठवतंय ना. अंगणात बर्फ. मी पायरीवर उभी. मी रडतेय, आणि आई फाटकातून आत येते. डोक्याच्या रुमालाला मीठ लागलंय, चरबीचं. ती मला उचलते. मिठाचा वास येतो. तेवढीच आई आहे माझ्याकडे. फोटोसुद्धा नाही."

"असेल तसं. ती कपडे घ्यायला घरी आली असेल."

"मी रडले म्हणून ती आली, असं आठवतंय मला. हाच क्रम. आधी रडणं, मग ती." ओटिलीने वहीवरून हात काढला. "आजीने हे मला सांगून सांगून दिलं का? मी चार वर्षांचीही नव्हते. मीठ तिने सांगितलं का? हे मला जे आठवतं, ते माझं आहे का?"

"माहीत नाही."

"तू गाव दाखवतेस ना? कुठली गोष्ट खरी, कुठली पाच गावांत चालते, सगळं तुला माहीत असतं."

"हे मला माहीत नाही, ओटिली."

 ओटिलीने पर्स उचलली आणि चष्मा आत ठेवला. रेगिनेने वही तिच्यापुढे सरकवली, घेऊन जा म्हणाली. ओटिलीने मान हलवली.

"मी काय करू ती नेऊन? इतकी वर्षं मी आईची गुन्हेगार होते. तेवढं तरी नातं होतं. आता ते नाही, आणि आजीही नाही."

दारात हॉर्स्ट आला. हातांना माती लागलेली. "ओटिलीमावशी, तुमची कुंडी ठेवून आलो. आजीचा दगड थोडा कललाय, पण नाव वाचता येतं. येताय ना? दहा मिनिटं आहेत अजून."

"नाही," ओटिली म्हणाली.

"एवढ्या लांबून आलात आणि—"

"नाही म्हटलं ना."

हॉर्स्टने रेगिनेकडे पाहिलं. रेगिने कपबश्या गोळा करत होती.

बस पावणेतीनला निघणार होती, तीनला निघाली. एका माणसाची टोपी हरवली होती, ती सापडेपर्यंत. रेगिने चौकात उभी राहिली, नेहमीसारखी. हात हलवणारे हात हलवत होते. ओटिली येताना चौकाच्या बाजूच्या खिडकीत बसून आली होती, असं हॉर्स्टने नंतर फोनवर सांगितलं. निघताना तिने एका बाईला विनंती करून जागा बदलली आणि पलीकडची खिडकी घेतली. त्या बाजूने फक्त शेतं दिसतात.