कागद संपल्यावर

अनितानं प्रिंटरमधला कागदाचा रोल काढून टेबलावर ठेवला आणि तापमानाचा खोटा आकडा पाठवणारी तपासणीची पेटी हातात घेतली. बटण फिरवत तिनं आकडा नव्वदवर नेला, मग एकशे दहावर. भोंगा वाजायला हवा होता. वाजला नाही. यंत्राच्या पडद्यावर पंचाहत्तर थिजून बसले होते.

तिनं रोल परत बसवला. प्रिंटरनं कुरकुरत एक ओळ छापली आणि लगेच भोंगा बोंबलला.

रोह्याच्या या रसायन कारखान्यात पेणच्या पाटणकरांनी पुरवलेलं हे यंत्र दोन वर्षं चालू होतं. त्यातला सगळा प्रोग्राम, प्रत्येक कामाला पाळीपाळीनं वेळ वाटून देणारा अगदी तळाचा भागसुद्धा, पाटणकरांकडे नोकरी करणाऱ्या अनितानंच लिहिला होता. आज ती आली होती किरकोळ तक्रारीसाठी. यंत्राचं घड्याळ अधूनमधून मागे पडत होतं. पण मघाशी रोल बदलताना ते थांबलेलं तिनं पाहिलं आणि म्हणूनच तपासणीची पेटी बाहेर काढली होती.

आठ महिन्यांपूर्वी इथला रिअ‍ॅक्टर अति तापून उकळतं द्रावण उडालं होतं. कान्हू नावाच्या फिटरचा उजवा हात भाजला. ऑपरेटर महिपती म्हणत होता, भोंगा वेळेवर वाजलाच नाय. पण भोंगा साऱ्या कारखान्यानं ऐकला होता. महिपतीला पिंपं धुवायला पाठवलं गेलं.

तो मागच्या आवारात होता.

"काका, त्या दिवशी भोंगा वाजण्याआधी तुम्ही काय करत होतात?"

"कागद संपला व्हता. रोल आणाया स्टोअरात गेलो. आलो, रोल घातला, तवा भोंगा वाजला. तवर कान्हू वरडत व्हता." त्यानं नळ बंद केला. "चौकशीत सांगितलं व्हतं मी."

"कागदाचं?"

"व्हय. त्ये म्हनले, कागदाचा नि भोंग्याचा काय संबंध?"

संबंध प्रोग्राममधल्या चार ओळींचा होता. छपाईत कुणी लुडबुड करू नये म्हणून अनितानं तेवढ्यापुरत्या यंत्राच्या इतर भागांकडून येणाऱ्या सगळ्या हाका बंद केल्या होत्या. छपाई संपली की उघडायच्या. कागदच नसेल तर छपाई संपणार कशी? यंत्र वाट पाहत बसे. घड्याळाला ओ नाही, तापमानाला नाही.

पेणला परतून तिनं तो भाग दोन दिवसांत नव्यानं लिहिला. कागद नसेल तर छपाईनं बाजूला व्हायचं, धोक्याच्या सूचनेची पाळी कायम पहिली. चिप पुसून पुन्हा भरली. तिथल्या तशाच यंत्रावर दहा वेळा रोल काढला, दहाही वेळा भोंगा वाजला.

"चिप बदलून ये," पाटणकर म्हणाले. "रिपोर्टात घड्याळाची दुरुस्ती लिही. खोटं नाही ते."

"पुरंही नाही, सर."

"सगळं लिहिलंस तर कारखानेवाले पुन्हा दारात उभं करणार नाहीत आपल्याला."

"माहीत आहे."

रोह्याला चिप बसवल्यावर तिनं रिपोर्टात सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'चूक प्रोग्रामची, ऑपरेटरची नाही. प्रोग्राम मी लिहिला.' खाली सही केली. मॅनेजरनं कागद दोनदा वाचला आणि महिपतीला बोलावून घेतलं.

महिपतीनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा काही उजळला नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आठ महिनं झालं, म्याडम. भोंगा वाजला आसंल, मीच ऐकला नाय, असं मलाबी वाटाया लागलं व्हतं. कासूला कान्हूच्या घरी जाऊन माफी मागून आलो."

"काय म्हणाले ते?"

"आईनं च्या दिला. कान्हू भायेर आला नाय."

संध्याकाळच्या गाडीत अनिताकडे पेणचं तिकीट होतं. कासूला गाडी थांबली तशी ती उतरली. विचारत विचारत घर सापडलं. ओटीवर कान्हूची आई, धोंडुबाई, वाल सोलत बसली होती.

"कुनाकडं गो?"

"कान्हूकडे. मी रोह्याच्या कंपनीत ते..." तिचं वाक्य अडलं. "ते भोंग्याचं यंत्र मी केलं. त्यात चूक होती. माझी."

धोंडुबाईचे हात थांबले. तिनं अनिताला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चहाचं काही विचारलं नाही.

"कान्हू," तिनं आत हाक दिली, "भायेर ये."

आत खाट करकरली. अनितानं पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिली.